किती देवांचे?

माघी पौर्णिमा जवळ आली की गोंदियाहून डोंगरगडकडे जाणाऱ्या गाड्यांत दरेकशाला उतरणाऱ्यांची दाटी होते. पाठीवर बोचकं, खांद्यावर सप्तरंगी झेंडा आणि भेटेल त्याला ‘जय सेवा’. सालेकसा तालुक्यातल्या धनेगावपासून वाट डोंगरात शिरते आणि चढत चढत कचारगडच्या गुहेपाशी पोचते. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण असे चहूकडून आलेले गोंड भाविक इथे जमतात, कारण त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांच्या गोतावळ्याची मांडणी याच डोंगरातून सुरू झाली.

कथा अशी सांगतात. कली कंकालीच्या तेहतीस मुलांना या गुहेत कोंडून तोंडाशी प्रचंड शिळा लावलेली होती. हिरासुका पाटालीरने किंगरी वाजवली, त्या सुरांनी आतल्या मुलांच्या अंगात बळ संचारलं आणि त्यांनी शिळा ढकलली. मुलं सुटली, हिरासुका मात्र तिच्याखाली सापडला. जंगो रायताडने त्या मुलांना सांभाळलं, पारी कुपार लिंगोने त्यांना शिकवलं आणि सगा-गोत्रांत बसवलं. परंपरा साडेसातशे गोत्रं मोजते. टेकाम म्हणजे टेका, सागाचं झाड. मरकाम म्हणजे मरका, आंबा. ज्याचं जे झाड, त्याने ते जपायचं.

म्हणून जत्रेत दोन अनोळखी माणसं बोलायला लागली की नाव-गाव झाल्यावर एक प्रश्न ठरलेला असतो: किती देवे, म्हणजे किती देवांच्या सगातले? चार, पाच, सहा की सात? देवांचा आकडा जुळला तर दोघे भाऊ, मग गावं शेकडो कोस लांब का असेनात. त्यांच्यात सोयरीक होत नाही. एकाच्या बोलण्यात तेलुगू मिसळलेली असेल, दुसऱ्याच्या हिंदी. एकाच्या अंगात सदरा, दुसऱ्याच्या जीन्स. दिसण्या-बोलण्याला या हिशेबात किंमत नाही. विचारायचं ते वंशाचं.

सूक्ष्मजीवांना हा प्रश्न कुणी विचारायला 1970 चं दशक उजाडावं लागलं. तोवर तीनशे वर्षं माणसं त्यांचे सदरे आणि जीन्सच पाहत होती.

काडीने मोडणारा तवंग

कचारगडला परंपरेत काचीकोपा लोहागड असंही म्हणतात. लोखंडाचा अंश असलेल्या जमिनीतून पाणी पाझरतं तिथे डबक्यावर पुष्कळदा इंद्रधनुषी तवंग दिसतो. पाहणाऱ्याला वाटतं, कुणी डिझेल सांडलं. खरं-खोटं करायला एक काडी पुरते. तवंगात काडी फिरवली आणि तो वळसे घेत पुन्हा सांधला गेला तर ते तेल. काचेच्या पापुद्र्यासारखा तुकडे होऊन तसाच राहिला, तर बहुधा ती लोहजिवाणूंची करणी. खालचा नारिंगी गाळ बोटाला बुळबुळीत लागतो. लेप्टोथ्रिक्स, गॅलिओनेला अशी नावं असलेले हे जिवाणू पाण्यात विरघळलेल्या लोखंडाशी खेळतात आणि मागे गंज सोडतात. गॅलिओनेला तर त्या गंज चढण्यातूनच जगण्याची ऊर्जा मिळवतो. आपण भाकरी खातो, तो लोखंडाचा गंज करून पोट भरतो.

पावसाळ्यात याच टापूतल्या हाजरा धबधब्याजवळच्या कातळावर पाय ठेवला आणि सटकला, तर त्याला जबाबदार असतात ते बहुतेक वेळा नीलहरित जिवाणू आणि शेवाळ. उन्हाळ्यात तेच वाळून कातळावर काळे पट्टे होऊन राहतात आणि पहिल्या सरीला पुन्हा हिरवे होतात. त्या पहिल्या सरीबरोबर मातीचा जो वास सुटतो, त्यातला मोठा वाटा जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा, आणि तो मातीतले स्ट्रेप्टोमायसिस हे जिवाणू बनवतात.

एक गंज करतो, एक उन्हावर जगतो, एक सुगंध सोडतो. आकार बहुतेकांचा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा किंवा त्याच्या दोन-चार पट. यांची वर्गवारी करायची कशी?

रूपावरून पारख

डेल्फ्टचा कापडव्यापारी अँटनी व्हान लेव्हेनहुक याने स्वतः घासलेल्या भिंगातून मिरीच्या पाण्यात वळवळणारे जीव पाहिले आणि 1676 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून कळवलं. पुढे 1683 मध्ये दातांवरचं किटण खरवडून त्यातही त्याला तेच आढळले. त्याने चित्रं काढली: गोळे, काड्या, मळसूत्रं. पुढे जवळपास दोनशे वर्षांनी, 1872 मध्ये, फर्डिनांड कोन या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने गट पाडले तेही याच धर्तीवर: गोल, आखूड काडीसारखे, लांब दोऱ्यासारखे, नागमोडी. कॉकस, बॅसिलस, स्पायरिलम ही नावं आजही पाठ्यपुस्तकात आहेत.

1884 मध्ये डॅनिश डॉक्टर हान्स क्रिश्चन ग्राम बर्लिनमध्ये न्यूमोनियाच्या रोग्यांच्या फुप्फुसांचे काप रंगवत होता. त्याच्या हाती लागलेली युक्ती आजही तालुक्याच्या प्रयोगशाळेत रोज वापरली जाते. काचपट्टीवर नमुना पसरायचा, ज्योतीवरून फिरवून चिकटवायचा. मग जांभळा क्रिस्टल व्हायोलेट, त्यावर आयोडिन, मग अल्कोहोलने धुवायचं. इथे सगळा खेळ काही सेकंदांचा: हात जरा जास्त रेंगाळला की सगळ्यांचाच रंग उतरतो. शेवटी तांबडा सॅफ्रॅनिन. ही पायरी ग्रामच्या नंतर जोडली गेली. भिंगाखाली जे जांभळे राहिले ते ग्राम-पॉझिटिव्ह, जे गुलाबी झाले ते ग्राम-निगेटिव्ह.

कारण भिंतीत आहे. जिवाणूच्या पेशीभोवती पेप्टिडोग्लायकन नावाच्या पदार्थाची जाळी असते, बाजेच्या सुंभासारखी आडवी-उभी विणलेली. ग्राम-पॉझिटिव्हांची वीण जाड, तिच्यात जांभळा रंग अडकून बसतो. ग्राम-निगेटिव्हांची पातळ, आणि तिच्याबाहेर चरबीचा आणखी एक पडदा. अल्कोहोलने पडदा विरघळला की रंग वाहून जातो. पेनिसिलिन ही वीणच पुरी होऊ देत नाही, म्हणून वाढता जिवाणू फुटून मरतो. डॉक्टरच्या दृष्टीने ग्रामचा रंग हा मोठा आधार होता आणि आहे.

वंशाच्या दृष्टीने मात्र तो तोकडा पडला. काडीसारखं असणं हे शंभर वेगवेगळ्या घराण्यांना जमतं. मायकोप्लाझ्मासारख्यांना भिंतच नाही, त्यांना रंगवणार कुठे? 1923 पासून निघणारा बर्गीचा जाडजूड ग्रंथ ओळख पटवायला उपयोगी होता, पण नातं सांगण्यात कच्चा. शेवटी रॉजर स्टॅनियर आणि सी. बी. व्हान नील या दोन जाणत्यांनी 1962 मध्ये हात टेकले आणि एवढंच म्हटलं, की ज्यांच्या पेशीत पडद्याने वेढलेलं केंद्रक नाही ते सगळे जिवाणू, म्हणजे आदिकेंद्रकी. घरात काय नाही यावरून माणसाचं आडनाव ठरवावं, तसा हा प्रकार.

परधानाची पोथी

गोंडांमध्ये वंशकथा जपण्याचं काम परधानांकडे असतं. ते किंगरीवर गाऊन कुणाचं गोत्र कुठून आलं ते सांगतात. पेशीत असा परधान कोण, हे शोधलं ते अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या कार्ल वूस यांनी.

प्रत्येक जिवंत पेशीत रायबोसोम असतात. प्रथिनं बनवणारे हे कारखाने. एका पेशीत ते हजारोंनी असतात आणि त्यांच्यावाचून कुणाचंच चालत नाही. त्यांच्या एका भागात 16एस आरएनए नावाची सुमारे दीड हजार अक्षरांची पट्टी असते. काम इतकं नाजूक की तिच्यात फेरफार फार सावकाश होतात. नकलून घेताना होणाऱ्या चुका पिढ्यान्‌पिढ्या साठत जातात. दोन जीवांच्या पट्ट्या शेजारी ठेवल्या आणि फरक मोजले, की ते किती जुन्या काळी वेगळे झाले याचा अंदाज येतो.

1970 च्या दशकात ही पट्टी सलग वाचण्याची सोय नव्हती. वूस जिवाणूंना किरणोत्सारी फॉस्फरस खायला घालत, पट्टीचे तुकडे करत, ते तुकडे कागदावर पांगवत आणि त्यावर एक्स-रेची फिल्म ठेवत. फिल्मवर काळे ठिपके उमटत. प्रकाशाच्या पेटीवर ती फिल्म टाकून एकेक ठिपका कोणत्या अक्षरांचा, ते तासन्‌तास ताडून पाहायचं. एकेका जीवाला महिने लागत.

त्याच विद्यापीठातले राल्फ वुल्फ मिथेन वायू सोडणारे सूक्ष्मजीव वाढवत. ते त्यांनी वूसना दिले. 1976 मध्ये फिल्म पाहिल्यावर वूस चक्रावले. प्रत्येक जिवाणूच्या पट्टीत हटकून सापडणारे तुकडे इथे नव्हतेच. ना ते जिवाणूंच्या पंगतीला बसत होते, ना वनस्पती-प्राण्यांच्या. नावात मिथॅनोबॅक्टेरियम असं चक्क लिहिलेलं, भिंगाखाली काडीसारखे दिसणारे, ग्रामच्या रंगात जांभळे राहणारे जीव, आणि वंश पाहावा तर तिसराच.

1977 च्या नोव्हेंबरात वूस आणि जॉर्ज फॉक्स यांचा निबंध आला आणि 3 नोव्हेंबरला न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमीही झळकली. सहकाऱ्यांना हे रुचलं नाही. नोबेलविजेते साल्व्हादोर लुरिया यांनी वुल्फना फोन करून या भानगडीतून अंग काढून घ्यायला बजावलं. जर्मनीत मात्र ओटो कांडलर यांना या जीवांच्या भिंतीत पेप्टिडोग्लायकन सापडत नव्हतं, त्यामुळे त्यांना वूसचं म्हणणं लगेच पटलं. 1990 मध्ये वूस, कांडलर आणि मार्क व्हीलिस यांनी सजीवांची तीन अधिक्षेत्रं मांडली: बॅक्टेरिया, आर्किया (वुल्फ यांचे मिथेनवाले जीव यांतले) आणि युकॅरिया. युकॅरियात माणूस, साग, आंबा, अळंबी, सगळे आले.

सारखे कुठे, वेगळे कुठे

बाहेरून पाहिलं तर जिवाणू आणि आर्किया जुळे भाऊ वाटावेत. दोघांनाही केंद्रक नाही. दोघांचा डीएनए बहुधा एका बंद कड्यासारखा. दोघे साधारणपणे मधोमध दुभागून एकाचे दोन होतात, आणि दोघेही गरजेप्रमाणे शेजाऱ्याकडून जनुकं उसनी घेतात.

आतलं बांधकाम वेगळं. आर्कियांच्या भिंतीत पेप्टिडोग्लायकन नसल्यामुळे पेनिसिलिन त्यांच्यावर वाया जातं. त्याहून खोल फरक पडद्यातल्या चरबीत आहे. जिवाणूंच्या आणि आपल्या पेशींच्या पडद्यात चरबीच्या सरळ साखळ्या ग्लिसरॉलला एस्टर नावाच्या जोडाने बसवलेल्या असतात. आर्कियांच्या साखळ्या फाटे फुटलेल्या, जोड ईथरचा, आणि ग्लिसरॉलची ठेवण आरशातल्या प्रतिमेसारखी उलट. एस्टरचा जोड उष्णतेत आणि तीव्र अल्कलीत सुटतो, ईथरचा टिकतो. काही आर्कियांमध्ये तर पडद्याचे दोन थर मिळून एकच सलग साखळी होते, मग उकळत्या पाण्यातही तो उसवत नाही.

डीएनए वाचणारं यंत्र मात्र आर्कियांचं आपल्या यंत्राच्या जवळचं. पुष्कळ आर्किया आपल्यासारखेच हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती डीएनए गुंडाळतात. काही जिवाणूंना वाईट दिवसांत कठीण कवचाचे बीजाणू बनवून वर्षानुवर्षं पडून राहण्याची कला येते. आर्कियांमध्ये ती आढळलेली नाही. हरितद्रव्य वापरून प्रकाशसंश्लेषण करणं हेही जिवाणूंकडचं. उलट मिथेन सोडून त्यावर पोट भरणं ही आर्कियांची खासियत. आणि माणसाला रोग जडवणारा म्हणून सिद्ध झालेला एकही आर्किया अजून नाही.

बांधीत, गोठ्यात, लोणारात

आर्किया म्हटलं की पुस्तकं यलोस्टोनचे उकळते झरे दाखवतात. गोंदियाच्या माणसाला इतक्या लांब जायची गरज नाही. हा धानाचा जिल्हा. आषाढात बांधीत पाणी साठवून चिखलणी करतात, रोवणी होते, आणि काही दिवसांतच त्या चिखलातला प्राणवायू संपतो. धुऱ्यावरून काठी खुपसली की बुडबुडे वर येतात. 1776 मध्ये इटलीत माज्जोरे सरोवराकाठी अलेस्सांद्रो व्होल्टाने अशीच काठी खुपसून बुडबुडे बाटलीत धरले आणि पेटवून दाखवले. तो मिथेन.

चिखलातलं काड आधी जिवाणू कुजवतात. त्यातून निघणारा हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि असिटिक आम्ल घेऊन आर्किया मिथेन बनवतात. त्यातला बराचसा बुडबुड्यांनी न येता धानाच्या दांड्यातल्या हवेच्या पोकळ्यांतून, चिमणीतून धूर जावा तसा वर जातो. वाटेत त्यावर टपून बसलेले असतात मिथेन खाणारे जिवाणू. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने महाराष्ट्रातल्या भातखाचरांतून असे जिवाणू वेगळे केले. त्यातला एक लांबट, फुगीर निघाला, म्हणून त्याचं नाव ठेवलं मिथायलोक्युक्युमिस ओरायझी. क्युक्युमिस म्हणजे काकडी, ओरायझा म्हणजे धान. एक वंश वायू सोडतो आणि दुसरा मुळाशी बसून गिळतो. हवेत पोचतो तो उरलेला हिस्सा.

गाईच्या कोठीपोटातही हीच भागीदारी चालते. ती रवंथ करत बसते तेव्हा आतले जिवाणू तणस फोडत असतात आणि मिथॅनोब्रेव्हिबॅक्टर हे आर्किया हायड्रोजन टिपत असतात. तो टिपला गेला नाही तर जिवाणूंचं काम तुंबतं. मिथेन ढेकरांवाटे बाहेर पडतो. शेण पडतं तेव्हा हे सगळे गडी त्याच्याबरोबर बाहेर येतात, म्हणूनच गोबर गॅसच्या टाकीला वेगळं विरजण लागत नाही. शेणकाला ओतला, हवा बंद केली, की काही आठवड्यांत निळी ज्योत. ज्याच्या घरी असा प्लँट आहे त्याला एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते: उरलेला भात, पीठ एकदम जास्त टाकलं की गॅस बसतो. जिवाणू झपाट्याने आम्ल करतात, आर्किया सावकाश खाणारे. आंबटपणा वाढला की ते कामच थांबवतात. मग चार दिवस टाकीला उपास घालायचा. आनंद कर्वे यांच्या पुण्यातल्या ‘आरती’ संस्थेने हेच गणित सांभाळून खरकटं आणि पिष्टमय ओल्या कचऱ्यावर चालणारा छोटा घरगुती प्लँट बसवला आणि त्याला 2006 मध्ये अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला.

याच्या कितीतरी आधी, 1897 मध्ये, मुंबईत माटुंग्याच्या बेघर कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून गॅस काढून दिवे लावले गेले. तिथल्या रोग्यांच्या अंगात होता मायकोबॅक्टेरियम लेप्री. नॉर्वेच्या हॅन्सनने 1873 मध्ये पाहिलेला जिवाणू. हा इतका मंद की एकाचे दोन व्हायला बारा-चौदा दिवस घेतो, आणि कृत्रिम खाद्यावर त्याला वाढवणं आजवर कुणाला जमलेलं नाही. रोग जिवाणूचा आणि उजेड आर्कियांचा, एकाच आवारात. दुसऱ्याला नाव मिळायला अजून ऐंशी वर्षं होती.

आर्कियांनी साऱ्या महाराष्ट्राचं लक्ष वेधलं ते जून 2020 मध्ये. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर एकाएकी गुलाबी झालं. उल्कापाताने बेसॉल्टमध्ये पडलेल्या सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाच्या विवरातलं हे पाणी खारट आणि अल्कलीयुक्त, सामू 10 च्या आसपास. लॉकडाऊन चालू होता, माणसं घरात होती, शुभ-अशुभाच्या चर्चा रंगल्या. वनखात्याने नमुने धाडले. आघारकर संस्थेने निष्कर्ष दिला, की रंग हॅलोआर्कियांचा: मीठ वाढलं की फोफावणारे आणि अंगात गुलाबी-तांबडं रंगद्रव्य बाळगणारे. पाणी आटून क्षार वाढले आणि त्यांचं फावलं. नमुना नुसता ठेवून दिला तेव्हा हे जीव तळाला बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. उन्हाळ्यात मिठागरांच्या वाफ्यांवर जी लाली चढते तिच्यातही याच मंडळींचा हात असतो. गोवा विद्यापीठात तिथल्या मिठागरांमधल्या आर्कियांचा अभ्यास बरीच वर्षं चालू आहे.

भाऊबंदकी

जिवाणूंची घराणी आर्कियांहून पसरलेली. अधिक्षेत्रानंतर संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती अशी उतरंड, आणि 2021 मध्ये संघांची नावं एका साच्यात आणली गेली.

बॅसिलोटा या संघात दह्याचं विरजण लावणारे लॅक्टोबॅसिलस, आणि त्यांच्याच चुलत घरात धनुर्वात आणि काळपुळी. अ‍ॅक्टिनोमायसिटोटा संघात पहिल्या सरीचा गंध देणारा स्ट्रेप्टोमायसिस, आणि क्षय व कुष्ठरोगाचे मायकोबॅक्टेरियमही. 1943 मध्ये क्षयावरचं पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं ते याच स्ट्रेप्टोमायसिसमधून. भावकीतल्याच एकाने दुसऱ्याचा काटा काढला. स्युडोमोनाडोटा संघ तर बारदानच: पोटातला ई. कोलाय, कॉलऱ्याचा व्हिब्रिओ, आणि शेतातला रायझोबियम.

हा शेवटचा कचारगडच्या पायथ्यालाही भेटतो. गोंदिया-भंडाऱ्याकडे धान कापणीला येण्याआधीच बांधीतल्या ओलीवर लाखोळी फेकून पेरतात. नांगरट नाही, खत नाही. माघात तिला निळी फुलं येतात. रोप हलक्या हाताने मातीसकट उपटून मुळं पाण्यात खळबळली की बारीक गाठी दिसतात. एक गाठ नखाने चिरायची: आत मांसासारखी गुलाबी असली तर कारखाना चालू आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या रंगाचा सोयरा. हवेतला नत्र पकडणारं रायझोबियमचं विकर प्राणवायूने निकामी होतं, म्हणून हे द्रव्य प्राणवायूला मुठीत धरून मोजून मापून सोडतं. गाठ आतून पांढरी असली तर भाडेकरू आहे, पण काम करत नाही.

नव्या जिवाणूचं नाव पंचांगात चढवायचे नियम कडक आहेत. जिवंत वाण दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो, तेव्हा नाव मान्य होतं. पुण्यात असा मोठा संग्रह राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात आहे. 2005 मध्ये हैदराबादहून इस्रोने सोडलेल्या बलूनने 20 ते 41 किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली. हैदराबाद आणि पुण्याच्या प्रयोगशाळांनी त्यातून तीन नवे जिवाणू काढले. 2009 मध्ये त्यांचं बारसं झालं: जॅनिबॅक्टर हॉयली, बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभट्टाई. फ्रेड हॉयल, इस्रो आणि आर्यभट, तिघांचा मान राखला गेला. पुढे वंशाची पोथी अधिक बारकाईने वाचली गेली आणि शेवटच्या दोघांचं बॅसिलस हे आडनाव गेलं. आता ते सोलिबॅसिलस इस्रोनेन्सिस आणि प्रीस्टिया आर्यभट्टाई.

अशी रीतसर नावं मिळालेल्या जिवाणू-आर्कियांची संख्या वीस हजारांच्या पुढे आहे. निसर्गातल्या बहुसंख्यांना प्रयोगशाळेतलं अन्न मानवत नाही. त्यांचा माग केवळ मातीतून, पाण्यातून काढलेल्या डीएनएवरून लागतो.

आपण किती देवे?

अशाच एका मागावरून 2015 मध्ये गोष्ट आपल्या दारापर्यंत आली. नॉर्वे आणि ग्रीनलंडच्या मधल्या समुद्रतळावर लोकीचा किल्ला नावाची उष्ण विवरं आहेत. त्यांच्या परिसरातल्या गाळाचा डीएनए स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या थाइस एट्टेमा यांच्या गटाने वाचला. त्यात एक आर्किया निघाला, ज्याच्याकडे वनस्पती-प्राण्यांची मिरास समजली जाणारी जनुकं होती: पेशीचा सांगाडा बांधणारी, पडदे वाकवणारी. नाव ठेवलं लोकीआर्किया, आणि पुढे सापडलेल्या त्याच्या भावंडांसह घराण्याला नॉर्स देवांच्या नगरीचं, अ‍ॅसगार्डचं. देवांचा आकडा इथेही सुटला नाही.

पाहिला मात्र कुणीच नव्हता. जपानमध्ये हिरोयुकी इमाची यांनी 2006 मध्ये अडीच किलोमीटर खोल समुद्रातून आणलेला चिखल मिथेनवर पोसायला घेतला होता. बारा वर्षांनी त्यातून असा एक जीव वेगळा झाला. 2020 मध्ये त्याची छायाचित्रं छापून आली: इवलासा गोळा आणि त्याला फुटलेले लांब, फांद्याफांद्यांचे हात. दुभागायला त्याला दोन-तीन आठवडे लागतात आणि एकट्याने तो जगत नाही. सोबतीला हायड्रोजन उचलणारा दुसरा लागतोच.

आज बहुतेक अभ्यासक असं मानतात, की फार पूर्वी अशाच एका आर्कियाने एका जिवाणूला पोटात घेतलं आणि पचवलं नाही. तो जिवाणू आपल्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया म्हणून अजून नांदतो आहे, स्वतःच्या डीएनएच्या छोट्या कड्यासह. वंश पाहिला तर तो रायझोबियमच्या शाखेचा, किंवा तिला अगदी लागून असलेल्या भावकीचा. म्हणजे घर आर्कियाचं आणि चूल जिवाणूची. मायटोकॉन्ड्रिया मुलांना मिळतात त्याही आईकडूनच. आजोळ जिवाणूंकडे पडतं ते असं.

पौर्णिमा आटोपली की कचारगडची वाट रिकामी होऊ लागते. उतरणारी माणसं बांध्यांच्या कडेने, लाखोळीच्या निळ्या फुलांमधून दरेकशाच्या स्थानकाकडे चालतात. धुऱ्यावर बसलेली गाय रवंथ थांबवून एक ढेकर देते. फलाटावर गाडीची वाट पाहताना कुणी म्हातारा शेजारी टेकलेल्या तरुणाकडे वळतो, तंबाखूची डबी पुढे करतो, गाव विचारतो, आणि मग तो दुसरा प्रश्न.